थप्पीची ताडपत्री बाजूंनी वर करा

पत्र: गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी गाडीभर जळाऊ लाकूड घेतलं. विकणाऱ्याने ‘वर्षभर वाळलेलं आहे’ असं सांगितलं होतं. घराच्या मागच्या भिंतीला चिकटून, थेट मातीवर, पुरुषभर उंच रचलं. पाऊस लागू नये म्हणून वरपासून जमिनीपर्यंत ताडपत्रीने घट्ट गुंडाळलं. परवा ताडपत्री काढली तर कुबट वास, सालींवर पांढरी बुरशी आणि खालच्या दोन थरांवर मातीचे पापुद्रे. वरचे काही तुकडे शेगडीत पेटवून पाहिले. टोकांतून पाणी फसफसलं, धूर झाला आणि शेगडीची काच तासाभरात काळी पडली. थंडीला दोन महिने आहेत. हे लाकूड वाया गेलं का? पुन्हा रचायचं तर कसं? झाकायचं की उघडं ठेवायचं? घरात किती आणून ठेवलेलं चालेल? शेगडीत ४५ सेंटिमीटरपर्यंतचा तुकडा जातो. – तुमची एक वाचक

ताई, लाकूड वाया गेलेलं नाही. खालचे दोन थर सोडले तर बाकीचं बहुतेक वाचेल. मात्र त्यातलं सगळंच या थंडीत जाळण्याजोगं होणार नाही. हे आत्ताच धरून चाललात, तर हातातले दोन महिने योग्य लाकडावर खर्च करता येतील.

पाऊस अडवायचा म्हणून तुम्ही वाराही अडवलात, सगळी गडबड तिथे झाली. दिवसा ताडपत्री तापते, लाकडातली ओल वाफ होऊन बाहेर येते आणि तिला जायला वाट नसते. रात्री ताडपत्री गार पडली की तीच वाफ आतल्या बाजूला थेंब धरते आणि परत लाकडावर गळते. खालून मातीची ओल चढत राहते ती वेगळीच. अशा बंद थप्पीत लाकूड महिनोन्‌महिने राहिलं तरी जवळजवळ होतं तितकंच ओलं राहतं आणि वर बुरशी धरते. पाणी वरून थांबवायचं आणि वारा बाजूंनी आरपार जाऊ द्यायचा, एवढं सांभाळलं की रचण्यातल्या बाकीच्या चुका फारशा महाग पडत नाहीत.

‘वर्षभर वाळलेलं’ या शब्दावरही विसंबू नका. पुष्कळदा त्याचा अर्थ झाड तोडून वर्ष झालं, एवढाच असतो. अख्खा ओंडका सालीसकट पडून राहिला तर वर्षानंतरही त्याचा गाभा ओला निघतो. वाळण्याचा काळ मोजायचा तो ओंडका कापून, फोडून, हवेशीर रचल्या दिवसापासून. फोडलेलं हलकं, मऊ लाकूड चांगल्या उन्हावाऱ्यात सहा महिने ते वर्षात तयार होतं. जड, कठीण लाकडाला वर्ष ते दोन वर्षं लागतात. ओकसारख्या लाकडाला कधी कधी दोन वर्षंही पुरत नाहीत.

असं का होतं ते कळलं की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. लाकूड म्हणजे उभ्या, बारीक नळ्यांची जुडी. झाड जिवंत असताना पाणी या नळ्यांतून चढतं आणि तोडल्यावर बाहेरही मुख्यतः त्यांच्या उघड्या टोकांतूनच पडतं. कापलेल्या टोकातून पाणी निघण्याचा वेग बाजूच्या मानाने दहा ते पंधरा पट असतो. साल तर पाणी राखण्यासाठीच असते, तिच्यातून फार थोडं निसटतं. म्हणून तुकडा जितका आखूड आणि जितका बारीक फोडलेला, तितका तो लवकर वाळतो. मनगटापेक्षा जाड, न फोडलेली गोल फांदी याच कारणाने फसवी असते. ती दिसायला बारीक, पण सालीत बंद असल्यामुळे फोडलेल्या जाड तुकड्याच्याही मागे राहते. तिला निदान उभी एक चीर द्या.

पाणी दोन प्रकारचं असतं. नळ्यांच्या पोकळीतलं मोकळं पाणी आधी आणि सहज जातं. ओल (कोरड्या लाकडाच्या वजनाच्या) साधारण ३० टक्क्यांवर आली की ते संपतं. त्यानंतर नळ्यांच्या भिंतीतच मुरलेलं पाणी निघू लागतं, आणि ते सावकाश निघतं. लाकूड आकसतं तेही या टप्प्यावरच. टोकं आधी वाळतात म्हणून आधी तीच आकसतात आणि तडकतात, तेव्हा आत मात्र ओल भरपूर असू शकते. टोकाच्या भेगा पाहून ‘झालं वाळून’ असं ठरवणं म्हणूनच चुकतं.

ओलीचा हिशेब असा. ताज्या तोडलेल्या लाकडात कोरड्या लाकडाच्या वजनाइतकंच पाणी असू शकतं. असा १० किलोचा ओंडका म्हणजे ५ किलो लाकूड आणि ५ लिटर पाणी. तो २० टक्क्यांपर्यंत वाळला की ५ किलो लाकूड आणि १ लिटर पाणी उरतं, म्हणजे वजन ६ किलोवर येतं. जाळण्यासाठी मर्यादा ही २० टक्क्यांचीच धरतात. एक लिटर पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे २.६ मेगाजूल उष्णता लागते आणि पूर्ण कोरडं एक किलो लाकूड १८ ते १९ मेगाजूल देतं. हिशेब केला तर त्या ओल्या ओंडक्यातली जेमतेम सातव्या भागाइतकी उष्णता वाफेत जाते. खरा तोटा त्याहून मोठा आहे. पाण्यामुळे आगीचं तापमान चढत नाही. लाकडातून सुटणारे वायू पुरते जळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस लागतात. तेवढं मिळालं नाही की ते न जळताच धूर होऊन वर जातात आणि गार धुराड्यात चिकट काळा थर होऊन बसतात. हा थर म्हणजेच क्रिओसोट. तुमच्या काचेवरचा काळेपणा त्यातलाच, आणि धुराड्यात तो पेट घेऊ शकतो. त्याबद्दल शेवटी लिहितो.

आधी वर्गवारी

आता कामाला लागू. थप्पी पूर्ण मोडा. हातात जाड मोजे, पायात बूट, नाकातोंडावर मास्क हवाच, कारण बुरशीची धूळ छातीत जाणं बरं नाही. बंद, ओलसर ढिगात विंचू, साप, गांधीलमाश्या मुक्कामाला असतात. म्हणून वरून खाली, एकेक तुकडा लांब काठीने सैल करून मग उचला. फटीत हात घालू नका आणि हे काम अंधारात करू नका.

ओल तपासायला दोन टोकदार पिनांचा ओलमापक घ्या. साधा घेतला तरी चालतो, पण वापरण्याची रीत चुकली की तो खोटं बोलतो. तुकड्याच्या बाहेरच्या अंगाला किंवा टोकाला पिना टोचल्या तर आकडा नेहमी कमी येतो. तुकडा त्याच वेळी मधोमध फोडा आणि नव्याने उघड्या झालेल्या बाजूच्या मध्यावर, रेषांच्या दिशेने दोन्ही पिना दाबून बसवा. तुकडा फार गार नसावा. थंड लाकडात आकडा खाली येतो. वेगवेगळ्या जागचे सात-आठ तुकडे तरी तपासा. ३० टक्क्यांच्या वरचे आकडे अचूक नसतात, तिथे ‘ओलं आहे’ एवढाच अर्थ घ्यायचा.

ओलमापक नसेल तर तराजू वापरा. चार-पाच तुकड्यांवर खडूने क्रमांक आणि वजन लिहा, थप्पीत वेगवेगळ्या जागी ठेवा आणि दर आठवड्याला वजन करा. कोरड्या हवेत लागोपाठ दोन-तीन आठवडे वजन हललं नाही, तर लाकूड हवेइतकं कोरडं झालं. दोन तुकडे एकमेकांवर आपटून आवाज ऐकण्याची जुनी युक्तीही उपयोगी आहे. वाळलेलं टणकन वाजतं, ओलं ठप्प वाजतं. पण ती एकाच जातीच्या लाकडांची तुलना करायला ठीक. हलकं आणि जड लाकूड यांचा आवाज मुळातच वेगळा असतो.

मग चार ढीग करा. २२ टक्क्यांपर्यंतचं लाकूड या थंडीचं. ते दोन महिन्यांत सहज उतरेल. २२ ते ३० मधलं लाकूड ही तुमची खरी मेहनतीची जागा. ते आणखी बारीक फोडून सगळ्यांत वाऱ्याच्या जागी रचायचं. त्यातलं हलकं लाकूड बहुधा तयार होईल, जड लाकडातलं थोडंफार मागे राहील. ३० च्या वरचं लाकूड पुढच्या वर्षासाठी बाजूला काढा आणि त्यावर तसं लिहून ठेवा, नाहीतर ऐन थंडीत गडबडीने तेच घरात येतं. चौथा ढीग टाकून देण्याचा. दाबलं की बोट रुततं, उचललं तर अगदी हलकं लागतं, भुगा होतो, असं कुजलेलं लाकूड. त्यातली उष्णता बुरशीने आधीच खाल्लेली असते आणि ते पाणी भराभर शोषतं. मातीचे पापुद्रे ही वाळवीची खूण. ती लागलेले खालचे थर घरापासून लांब न्या, तुकडे सुटे पसरून उन्हात पडू द्या आणि जे टणक उरतील तेवढेच परत घ्या.

वरच्या पांढऱ्या बुरशीने मात्र घाबरून जाऊ नका. ती पृष्ठभागावर असते, लाकडाची उष्णता कमी करत नाही, आणि ओल २० टक्क्यांखाली गेली की वाढायची थांबते. बाहेरच ब्रशने झटका. झटकल्याशिवाय घरात आणू नका, घरात कुणाला दमा असेल तर अजिबातच नाही.

या वर्गवारीत झाडाची जात ओळखता आली तर बघा. बाभळीसारखं जड लाकूड उशिरा वाळतं, पण सावकाश आणि निखारा धरून जळतं. निलगिरीचे धागे पिळलेले असतात, ती वाळल्यावर फोडणं फार कष्टाचं होतं म्हणून ओली असतानाच फोडतात. आंब्याचं लाकूड लवकर वाळतं, पण ओलीत ठेवलं तर बुरशी आणि भुंगे त्यालाच आधी गाठतात. कण्हेरीचा एकही तुकडा ढिगात असेल तर वेचून काढा. तिचा धूरही विषारी असतो. रंग दिलेली फळी, प्लायवुड, वाळवीरोधक औषध पाजलेलं लाकूड आणि समुद्रकाठचं खारं लाकूड यांपैकी काहीच शेगडीत जाऊ देऊ नका. औषध पाजलेल्या जुन्या लाकडात आर्सेनिक असू शकतं आणि ते राखेत उरतं.

फोडणं आणि पाया

दोन महिने हातात असताना सगळ्यांत जास्त फायदा कुऱ्हाडीतून मिळतो. दुसऱ्या ढिगातले तुकडे ८ ते १० सेंटिमीटर जाडीचे करा. एरवी १५ सेंटिमीटरपर्यंत चालतं, पण आता तेवढा वेळ नाही. लांबी ३५ ते ४० सेंटिमीटर ठेवा. तुमच्या शेगडीत ४५ मावतं म्हणून ४५ चे कापू नका. दोन्ही टोकांना दोन-तीन बोटं जागा राहिली की तुकडा बसवायला सोपा जातो आणि काचेला टेकत नाही. सगळे एका लांबीचे असले तर थप्पीही सरळ राहते. फोडताना ठोकळा गुडघ्याच्या खाली येईल इतका, म्हणजे ३० ते ४० सेंटिमीटर उंच असावा. टोकाला आधीच असलेल्या भेगेच्या रेषेत घाव घाला आणि गाठीचे तुकडे पाचर व घणाने कडेकडेने सोडवा. डोळ्यांना चष्मा हवा.

त्याच वेळी दोन-तीन सेंटिमीटरच्या बारीक काटक्याही फोडून घ्या, एकदोन पोती भरून. त्या वेगळ्या, पूर्ण छपराखाली ठेवा. आग नीट पेटायला सगळ्यांत कोरडं लागतं ते हेच, आणि नेमकं हेच शेवटच्या क्षणी ओल्या ढिगातून शोधलं जातं.

जागा अशी निवडा की दिवसातला बराच वेळ ऊन येईल आणि वारा अडणार नाही. दोन्ही एकत्र मिळत नसेल तर वारा घ्या. बंदिस्त कोपऱ्यातल्या उन्हापेक्षा सावलीतला वाहता वारा जास्त ओल नेतो. घराच्या भिंतीपासून शक्य तर पाच-सहा मीटर दूर जा. भिंतीला लागून असलेली थप्पी म्हणजे वाळवीला घरात यायला झाकलेली वाट. वणव्याचा धोका असलेल्या भागात हे अंतर नऊ-दहा मीटरांच्या खाली नसावं. जागाच नसेल आणि दगडी किंवा विटांच्या भिंतीजवळच रचावं लागलं तर मध्ये वीतभर मोकळी फट हवी आणि खालची जमीन पाहता आली पाहिजे. झाडाच्या बुंध्याला टेकून मात्र रचू नका. वाऱ्यात झाड हलतं आणि थप्पी ढासळते.

पाया जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर उंच असावा. गवत साफ करा, जमत असेल तर पाच-सहा सेंटिमीटर खडीचा थर द्या. त्यावर विटा किंवा सिमेंटचे ठोकळे आणि त्यांच्यावर दोन समांतर आडव्या बल्ल्या. तुकडे ४० सेंटिमीटरचे असतील तर बल्ल्यांमधलं अंतर साधारण २५ ठेवा, म्हणजे तुकडा दोन्हीकडे थोडा बाहेर येऊन स्थिर बसतो. ठोकळे दर ६० ते ७० सेंटिमीटरवर हवेत, नाहीतर ओझ्याने बल्ली मध्ये वाकते. बल्ल्या पाणसळीने तपासा. पायात बोटभर उतार राहिला तर तो माथ्यावर वीतभर होतो. खाली प्लास्टिक अंथरू नका, त्यावर पाणी साचून राहतं. मालवाहतुकीचे लाकडी पॅलेट पायाला उत्तम असतात. पॅलेटवरचा शिक्का एकदा पाहा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायू दिलेलं, ते पुढे कधीही जाळू नका.

रचायचं कसं

एकच ओळ, तुकड्याच्या लांबीइतकी रुंद, हीच तुमच्यासाठी सर्वांत चांगली रचना. कापलेली टोकं वाऱ्याच्या तोंडाला यावीत, म्हणजे वारा तुकड्यांमधल्या फटींतून आरपार जातो. दोन ओळी कराव्याच लागल्या तर मध्ये निदान वीतभर फट, आणि माणूस जाईल इतकी, म्हणजे ५० ते ६० सेंटिमीटर ठेवता आली तर फारच चांगलं. चार-पाच ओळी एकमेकींना चिकटवून केलेला मोठा चौकोनी ढीग दिसायला भक्कम असतो, पण मधल्या ओळींना वारा लागतच नाही.

उंची १.२ मीटरवर थांबवा. ४० सेंटिमीटर रुंदीच्या ओळीला पायाच्या तिपटीपेक्षा जास्त उंची झेपत नाही. तुमची थप्पी पुरुषभर उंच होती आणि भिंतीच्या आधाराने उभी होती. आता आधार सुटल्यावर तीच उंची धोक्याची आहे. लाकूड वाळताना आकसतं, त्यामुळे थप्पी काही सेंटिमीटर खाली बसते आणि सगळीकडे सारखी बसत नाही. उन्हाकडची बाजू आधी आकसते आणि थप्पी तिकडे झुकते. म्हणून रचतानाच ऊन ज्या बाजूने येतं तिच्या विरुद्ध अंगाला अगदी किंचित कल द्या, आणि पहिले दोन महिने दर आठवड्याला एकदा नजर टाका. झुकलेली थप्पी दांड्याने ढकलून सरळ करण्यापेक्षा तेवढा भाग उतरवून परत रचलेला बरा. आसपास लहान मुलं खेळत असतील तर उंची मीटरभरच ठेवा.

थप्पी पडते ती बहुतेक वेळा टोकाकडून. दोन्ही टोकांना चौकडी करा. सरळ, चपट्या अंगाचे, एका लांबीचे तुकडे निवडा. दोन-तीन तुकडे एका दिशेने, पुढच्या थराला त्यांच्या आडवे, असे एकावर एक. प्रत्येक तुकडा डगमगतो का ते हाताने पाहायचं. डगमगला तर फिरवा किंवा बदला, खाली कपची सारून चालवून घेऊ नका, वाळल्यावर ती गळून पडते. चौकडीला ओळीच्या आतल्या बाजूला हलकासा कल हवा. ओळ दोन मीटरपेक्षा लांब असेल तर मध्येही एक चौकडी घाला. सरळ तुकडे पुरेसे नसतील तर टोकांना खांब रोवा, ४० ते ४५ सेंटिमीटर जमिनीत, आणि अर्ध्या उंचीवर दोन्ही खांब एकमेकांना तारेने ओढून घ्या. वरून येणारं लाकडाचं वजनच मग त्या तारेला ताण देतं.

दोन चौकड्यांच्या मधे तुकडे आडवे लावत जा. इथे नीटनेटकेपणाचा मोह आवरा. फोडलेली सपाट बाजू दुसऱ्या सपाट बाजूला चिकटली की तिथे ओल अडकते आणि बुरशीची पहिली वस्ती होते. तुकडे एकमेकांना कडेने, टोकदार बाजूने टेकावेत आणि मधल्या फटीतून पलीकडचा उजेड दिसावा. सगळ्यांत खालच्या थरात साल खाली ठेवा, जमिनीकडची ओल ती अडवते. सगळ्यांत वरच्या थरात साल वर, पाऊस ती घालवते. मधल्या थरांत सालीची दिशा कुठे आहे याने काहीच बिघडत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

झाकण

आता तुमचा मुख्य प्रश्न. झाका, पण फक्त माथा. पन्हाळी पत्रा सर्वांत चांगला. तो लाकडाला थेट टेकवू नका. माथ्यावर लांबीच्या दिशेने दोन फळ्या ठेवा, एक दुसरीपेक्षा चार-पाच सेंटिमीटर जाड, म्हणजे खालून हवा खेळते आणि पाणी मागे उतरतं. पत्रा दोन्ही बाजूंना १५ ते २० सेंटिमीटर बाहेर यावा. वर दगड ठेवाच, शिवाय दोरीने किंवा तारेने पायाच्या बल्लीला बांधा. सुटा पत्रा वादळात माणसाला कापतो.

ताडपत्रीच वापरायची तर तिची घडी अशी घाला की बाजूंना वीतभरच खाली येईल. कडांच्या छिद्रांत दोरी ओवून टोकांना विटा टांगा. माथ्यावर मधोमध एक लांब तुकडा ओळीच्या लांबीच्या दिशेने ठेवून कणा करा, म्हणजे पाणी साचणार नाही. साचलेल्या पाण्याच्या वजनाने ताडपत्री फाटते, आणि नेमकं तिथूनच पाणी थेट मधल्या थरांत जातं.

सलग कोरडं ऊन असेल त्या आठवड्यांत माथाही उघडा ठेवा. बाजूंनी एखादी सर आली म्हणून घाबरायचं कारण नाही. वाळलेल्या लाकडावर पडलेला पाऊस वरवर भिजवतो आणि वाऱ्याच्या दोन-चार दिवसांत निघून जातो. हवेतली आर्द्रता बघत राहा, कारण लाकूड शेवटी हवेशी बरोबरी करतं. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड १२ टक्क्यांपर्यंत येतं, ८० टक्क्यांना ते साधारण १६ वर थांबतं आणि ९० च्या वर सतत राहिलं तर २० च्या खाली जातच नाही. दाट धुक्याच्या दिवसांत वजन उतरत नाही म्हणून थप्पी पुन्हा गुंडाळू नका. हवा कोरडी झाली की ती परत उतरू लागते.

कीड लागू नये म्हणून लाकडावर औषध फवारण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो ऐकू नका. ते औषध पुढे तुमच्याच घरात जळणार आहे. पायाची उंची, कोरडं लाकूड आणि घरापासूनचं अंतर एवढे उपाय पुरतात. पायाच्या विटांवरून मातीची नळी चढताना दिसली तर ती लगेच मोडा आणि वाट कुठून आली ते शोधा. तुकड्यांवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगेरे आहेत. तो माल आधी जाळा आणि घरात साठवू नका, कारण ते कोरड्या लाकडालाही लागतात. आणखी एक, उरलेलं लाकूड लांबच्या गावी नातेवाइकांना पाठवू नका. अमेरिकेत २००२ मध्ये सापडलेला हिरवा ॲश-भुंगा दूरवर पसरला, त्यात जळाऊ लाकडाच्या वाहतुकीचा मोठा वाटा होता.

किती लागेल, घरात किती

तीन मीटर लांब, १.२ मीटर उंच आणि ४० सेंटिमीटर रुंद अशी एक ओळ म्हणजे १.४४ घनमीटर. त्यातला ३५ ते ४० टक्के भाग फटींचा, म्हणजे भरीव लाकूड सुमारे ०.९ घनमीटर. जड जातीचं वाळलेलं लाकूड असेल तर हे साधारण ६०० किलो भरतं, हलक्या जातीचं असेल तर बरंच कमी. तुमची शेगडी रोज १५ किलो खात असेल तर १०० दिवसांना १,५०० किलो, म्हणजे अशा अडीच ओळी. तुमचा पहिला ढीग तेवढा भरत नसेल तर कमी पडणारं लाकूड आत्ताच शोधा. नवीन लाकूड घेताना गाडीतले दोन-तीन तुकडे तिथेच फोडून ओलमापक लावा. गाडीत सुटं टाकलेलं एक घनमीटर लाकूड रचल्यावर सुमारे दोन तृतीयांशच भरतं, तेव्हा भाव ठरवताना माप कुठलं धरलं आहे ते आधी विचारून घ्या.

घरात दोन-तीन दिवसांचं, फार तर आठवड्याचं लाकूड ठेवा. तिथे ते वरवरची ओल टाकतं आणि लवकर पेट घेतं. त्याहून जास्त आणलं तर उबेने जागे झालेले किडे घरभर फिरतात. ओल्या लाकडाचा साठा तर घरात किंवा तळघरात करूच नका. त्यातून सुटणारं कित्येक लिटर पाणी भिंतींत मुरतं. शेगडीपासून एक मीटर अंतर सोडून, खालून हवा लागेल अशा पट्ट्यांच्या कप्प्यात रचा. शेगडीवर किंवा तिला टेकवून लाकूड वाळत घालणं कटाक्षाने टाळा. वरून नुसतं गरम वाटणारं लाकूड तुम्ही झोपल्यावर पेट घेऊ शकतं.

आणि मोसमातली पहिली शेगडी पेटवण्याआधी धुराडं तपासून साफ करून घ्या. काच तासाभरात काळी पडली होती, म्हणजे वर नळीतही थर धरायला लागला आहे. आधीच्या थंडीत हेच होत असेल तर नक्कीच. ३ मिलिमीटर जाडीचा थर दिसला की सफाई लांबणीवर टाकायची नाही. चकाकणारा, टणक, काचेसारखा थर असेल तर तो साध्या ब्रशने निघत नाही, जाणत्या माणसाला बोलवा. चोंदलेल्या धुराड्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू खोलीत परततो आणि त्याला वास नसतो. शेगडीच्या खोलीत त्याचा इशारा देणारं यंत्र बसवा आणि झोपण्याच्या खोलीतही एक ठेवा.